लाल पट्टी आणि हरभऱ्याची आंब

शेलूबाजारच्या गादीच्या दुकानातल्या त्या टेबलावर सात वस्तू होत्या: संगणकाचा पडदा, कळफलक, माऊस, प्रिंटर, स्टेपलर, पाण्याची बाटली आणि मी. मित्रांनो, त्या सातांपैकी सहांना कोणी घाबरत नसे. मला मात्र घाबरत. माणसे माझ्यापुढे येत, सदऱ्याला किंवा पदराला हात पुसत आणि बोट ठेवताना श्वास रोखून धरत.

मी एक जुनी थंब मशीन आहे. रंगाने काळी, मुठीत मावेल एवढी, माथ्यावर बोटभर काच आणि काचेखाली बारीक उजेड. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने रबराचे बोट माझ्यावर टेकवून पाहिले, मान हलवली आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले. ते बोट गुळगुळीत, स्वच्छ आणि नेमक्या रेघांचे होते. जगातली सगळी बोटे अशीच असणार, असा माझा समज झाला. शेलूबाजारला आल्यावर तो पहिल्याच आठवड्यात मोडला.

दुकान रऊफ यांचे. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात ते कापूस पिंजून गाद्या भरत. मागच्या अर्ध्या भागात त्यांच्या मुलीचे, नाजिशचे, ऑनलाइन सेवा केंद्र होते. बी.एस्सी. झाल्यावर तिने ते चालवायला घेतले होते. दाखले, उतारे, पेन्शन, दवाखान्याची कार्डे अशी सरकारी कामे तिथे होत. पलीकडून कापसाचे तंतू उडत आणि माझ्या काचेवर येऊन बसत. नाजिश चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने दर माणसानंतर मला पुसायची. त्या फडक्याची मला सवय झाली होती.

आता माझे काम सांगते. बोटाच्या टोकाकडे नीट पाहिलेत, तर तिथे बारीक सऱ्या आणि वरंबे दिसतील, अगदी वावरात असतात तसे. बोट काचेवर ठेवले की वरंबे काचेला टेकतात आणि सऱ्या टेकत नाहीत. टेकलेल्या जागी उजेड परत फिरत नाही, म्हणून तिथे काळी रेघ उमटते. या रेघांचे चित्र मी पुढे पाठवते. दूर कुठेतरी त्या माणसाचे जुने चित्र ठेवलेले असते. दोन्ही जुळली की पडद्यावर हिरवी पट्टी येते. नाही जुळली की लाल. पट्टी पडद्यावर येते, पण लोक रागाने बघतात ते माझ्याकडे.

माझ्यामुळे आणि त्या टेबलामुळे काय बदलले, ते मी लोकांच्या बोलण्यातून शिकले. रऊफ गादी शिवता शिवता गिऱ्हाइकांना सांगत, "पह्यले एका दाखल्यासाठी मंगरूळच्या कितीक खेपा व्हायच्या. साहेब दौऱ्यावर, नाई तं बाबू जेवाले. आता माह्या चपला टिकून राह्यल्या."

एकदा तहसीलमधले कारकून लालसिंग गादी भरून घ्यायला आले होते. ते हसत म्हणाले, "रऊफभाई, माह्या टेबलावर पह्यले एवढे गठ्ठे असायचे, की लोक गठ्ठ्यालेच नमस्कार करत. आता मी दिसतो."

"दिसता, पण काम करता का?"

"करावंच लागते. कोणाचा अर्ज माह्याकडं किती दिवस पडून आहे, ते वर साहेबाले दिसून राह्यलं ना. जुना कागद पाह्यजे असन तं पह्यले दोन शिपाई धुळीत घुसायचे. आता नाव टाकलं की समोर. माह्यी शिंक बी बंद झाली."

असे दिवस छान चालले होते. मग हरभऱ्याचा हंगाम आला आणि एका सोमवारी भागिरथाबाई आल्या.

त्या वनोज्याहून नवऱ्यासोबत, शेषरावांसोबत, जीपने आल्या होत्या. एक हात सतत उजव्या बरगडीखाली. रऊफ यांनी "जय भीम, शेषराव" म्हणून दोघांना गादीवर बसायला सांगितले. शेषरावांनी उभ्यानेच सगळे सांगितले. भागिरथाबाईंच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. वाशीमच्या दवाखान्यात शुक्रवारची तारीख मिळाली होती. सरकारी कार्ड असेल तर शस्त्रक्रिया तिथे मोफत होणार होती. कार्डासाठी भागिरथाबाई म्हणजे भागिरथाबाईच, एवढे सिद्ध व्हायला हवे होते, आणि तेही गुरुवारी पाचच्या आत. नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला जाणार आणि पुढची संक्रांतीनंतर.

"डाक्टर म्हणे, खडा नळीत अडकला तं मंग संक्रांत दिसाची नाई," शेषराव म्हणाले.

"तुमी असं बोलू नोका हो दुकानात," भागिरथाबाई म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

मी तो अंगठा पाहिला. काचेवर उमटले ते चित्र नव्हतेच. पांढरा डाग, कडेला दोन-तीन तुटक्या रेघा, मध्ये काही नाही. पट्टी लाल झाली. नाजिशने दुसरा अंगठा घेतला, मग तर्जनी, मग एकेक करून दहाही बोटे. सगळी लाल.

"मावशी, आधारले फोन नंबर जोडेल आहे काय? त्याच्यावर आकडा आला तं काम होते."

"आधार काढलं तवा घरात फोनच नोता."

नंबर आता जोडायला दिला असता, तर तो गुरुवारच्या आत जोडला जाण्याची खात्री नव्हती. चेहरा ओळखायची सोय तेव्हा आमच्या केंद्रात आलेली नव्हती. मीच काय ती होते.

शेषराव माझ्याकडे पाहत म्हणाले, "हे तुले वळखत नाई. मी लग्नापासून वळखून राह्यलो, माही साक्ष घ्या म्हणा."

"तुमची साक्ष कोण मानन? तुमाले तं माही चप्पल बी वळखू येत नाई. मंगळवारच्या बाजारात दुसऱ्या बाईची उचलून आणली होती."

रऊफ हसले. नाजिश हसली नाही. ती पडद्यावरच्या लाल पट्टीकडे पाहत होती.

मंगळवारी त्या पुन्हा आल्या. बोटे कालच्यापेक्षा स्वच्छ होती, टोके गुलाबी दिसत होती. चित्र मात्र कालच्यापेक्षा वाईट होते. काल ज्या तुटक्या रेघा होत्या, त्याही आज दिसत नव्हत्या. लाल. पुन्हा लाल. आमच्या केंद्रातली प्रणाली अशी होती, की एकाच माणसाचे बोट वारंवार चुकले तर त्या दिवसापुरते त्याचे दार बंद होई, आणि आधीच्या दिवसांच्या चुकाही त्यात मोजल्या जात. ते बंद झाले.

मित्रांनो, माझ्याजवळ बोलायला तोंड नाही. मी फक्त चित्र पाठवते. चित्रे पाहून मला एवढे कळत होते, की ही बाई दिवसादिवसाने पुसली जात आहे. कशाने, ते मला दिसत नव्हते. घरी आणि वावरात बोट काय करते, हे मला कधीच दिसत नाही.

बुधवारी भागिरथाबाई दाराशीच थांबल्या. दोन्ही हातांनी पोट धरले आणि कापसाच्या ढिगाला टेकून खाली बसल्या. चेहरा राखाडी झाला. रऊफ यांनी पिंजायची मशीन बंद केली. रस्त्यावर जीपवाले "वाशीम, वाशीम" ओरडत होते, तेवढेच ऐकू येत होते. शेषराव त्यांच्याच पदराने त्यांना वारा घालत राहिले. कळ हळूहळू उतरली.

"झालं," त्या म्हणाल्या. "थांब बेटा, हात धुऊन येते. मंग लावू."

नळ दुकानाच्या बाहेर, दाराच्या बाजूलाच होता. हातात पाण्याचा गिलास घेऊन नाजिश त्यांच्या मागे दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"मावशी, हे काय करून राह्यल्या?"

"हात साफ करून राह्यली."

"विटेनं?"

"मंग कायनं? हरभऱ्याची भाजी खुडून राह्यली ना रोज. आंबेचा चिकटा साध्या पाण्यानं जाते काय? सरकारी काम आहे, मळका हात कसा लावाव? घरी राखेनं घासते, मंग विटेनं. तुही मशीन जेवढी लाल होते, तेवढं जास्त घासते."

हरभऱ्याच्या पाल्यावर दव पडते आणि पाल्यातून आंबट पाणी, म्हणजे आंब, सुटते, हे आमच्याकडच्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे. शेंडे चोखले की जीभ आंबते. ते आम्लच असते. रोज खुडणाऱ्या बाईच्या बोटांवर ते रोज चढते आणि कातडी खरखरीत करते. त्यावर राख, राखेवर वीट. मला तीन दिवस जे कळले नव्हते, ते नाजिशला नळापाशी कळले.

तिने भागिरथाबाईंच्या हातातून विटेचा तुकडा घेतला आणि पलीकडे गटाराच्या कडेला टाकला.

"मावशी, तुमच्या वावरात सरी-वरंबे पाडता ना? या मशीनले बोटावरचे वरंबे पाहाव लागतात. तुमी त्याच्यावरून वखर फिरवून राह्यल्या."

भागिरथाबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. "म्हणजे म्याच मले पुसलं काय?"

"पुन्हा उगवते. पण आपल्याजवळ उद्याचा दिवस आहे. मले सांगा, भाजी खुडता कशी? करून दाखवा."

त्यांनी हवेत खुडून दाखवले. दोन्ही हात एकाच वेळी चालले: अंगठा, तर्जनी, मधले बोट, टिच, टिच, आणि खुडलेले पदराच्या ओट्यात. करंगळ्या दोन्ही बाजूंना वर राहत होत्या, कशालाच न लागता.

नाजिशने त्यांची डावी करंगळी धरून उजेडात फिरवली. "हिले आंब लागत नाई. विटेनं घासली?"

"तिथलोक वीट जातच नाई. राख लागली असन."

"मंग उद्या हे बोट लावू."

भागिरथाबाईंनी हात मागे घेतला. "करंगळीनं कोणी सरकारी काम करते काय? माह्या मायनं वावराच्या कागदावर अंगठा लावला. म्या रेशनवर अंगठा लावला. अंगठा म्हणजे अंगठा."

"माह्यं रेशन मधल्या बोटानं निघते," रऊफ आतून म्हणाले. "सुई टोचून टोचून अंगठा गेला माह्या. पण तांदूळ तेवढाच भेटते."

मग नाजिशने नेमके सांगितले. आजपासून भाजी खुडायची नाही. राख नाही, वीट नाही, भांडी नाहीत. रात्री बोटांना खोबरेल लावायचे, सकाळी कोमट पाण्याने नुसते पुसायचे.

"आन भांडे कोण घासन?" भागिरथाबाईंनी विचारले.

रऊफ यांनी शेषरावांकडे पाहिले. शेषरावांनी रस्त्यावरच्या जीपकडे पाहिले.

"घासतो ना बापा," ते शेवटी म्हणाले.

गुरुवारी सकाळी वीज गेली. लाइन दुरुस्तीला घेतली होती. दुकानातल्या बॅटरीवर संगणक चालू होता, पण इंटरनेट नव्हते. भागिरथाबाई दोन्ही हात नवऱ्याच्या मफलरमध्ये गुंडाळून बसल्या होत्या, अंडी सांभाळावीत तसे. नाजिशने भांड्यांचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "हे म्हणतात धुतले. करपलेली कढई तशीच पलंगाखाली सापडली."

दुपार झाली, तरी इंटरनेटचे चिन्ह राखाडीच. नाजिश दर थोड्या वेळाने फोन उंच धरून दारात जाऊन यायची. वाशीमच्या दवाखान्यातून नोंदणीच्या बाईंचा फोन आला. "तुमच्या पेशंटचं अजून दिसत नाहीये. पाचला यादी लागते. मागे एक जण थांबलेत, मला त्यांनाही सांगावं लागेल." नाजिश म्हणाली, "मॅडम, थांबा. आम्ही बसलोच आहोत."

वीज आली तेव्हा सावली दुकानाच्या पायरीवर चढली होती. चिन्ह निळे झाले. नाजिशने पडद्यावर भागिरथाबाईंचे नाव उघडले. दोन दिवसांच्या चुका तिथे दिसत होत्या. दार पुन्हा लागायच्या आत फार प्रयत्न उरलेले नव्हते, हे तिलाही माहीत होते आणि मलाही.

भागिरथाबाईंनी मफलर सोडला आणि सवयीने अंगठा पुढे आला. नाजिशने तो हातातच धरला, बाजूला केला आणि करंगळी उलगडली. मग मला पुसायला तिने फडके उचलले. पुसून होते न होते तोच पलीकडून एक तंतू तरंगत आला आणि काचेच्या मधोमध बसला.

"अब्बा, मशीन बंद करा."

पिंजण थांबली. तिने पुन्हा पुसले.

करंगळी आली. किंचित तेलकट, किंचित ऊबदार. पण त्यांनी ती इतकी जोराने दाबली, की वरंबे चपटे झाले आणि सऱ्या त्यात बुडाल्या. मला नुसता काळा ठिपका दिसला.

लाल.

शेषराव पाठ फिरवून दाराकडे गेले. बाहेर जीपच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"मावशी, दाबू नोका," नाजिश हळू बोलली. "नुसतं ठेवा. झोपेल लेकराच्या गालाले हात लावता तसं."

भागिरथाबाईंनी डोळे मिटले. बोट पुन्हा आले, आणि या वेळी ते टेकले आहे की नाही, असे मला क्षणभर वाटले. मग दिसले. एक वरंबा, त्याच्या शेजारी दुसरा, वळण घेऊन परत येणारा तिसरा. मध्ये एक जुना व्रण, बहुधा विळ्याचा, सगळ्या रेघांना आडवा. रबराच्या बोटावर असले काही नव्हते. इतके चांगले चित्र मी त्या हंगामात पाहिले नव्हते. मी ते पाठवले.

पडद्यावर गोल फिरत राहिला. इंटरनेट जाते की राहते, कोणाला ठाऊक नव्हते. गोल थांबला, पुन्हा फिरला. शेषराव दारातून वळले नाहीत. त्यांच्या पाठीवरून कळत होते, की ते ऐकत आहेत.

पट्टी हिरवी झाली.

नाजिशने दोन्ही हात कळफलकावर ठेवले आणि मान खाली घातली. भागिरथाबाई म्हणाल्या, "झालं काय?" रऊफ म्हणाले, "झालं, वहिनी. सरकारनं करंगळी मानली."

नाजिश फोन उचलते तोच तो वाजला. वाशीमच्या नोंदणीच्या बाईच होत्या. "आलं, माझ्या पडद्यावर दिसलं. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या. मागच्या पेशंटलाही आता त्यांची तारीख सांगता येईल. पूर्वी आम्ही पडताळणीची पत्रं पाठवत बसायचो आणि इकडे खाट रिकामी राहायची." जीप भागिरथाबाईंना घेऊन सरळ वाशीमकडे निघाली.

मित्रांनो, त्यानंतर बरीच बोटे माझ्यावर टेकली. नाजिश आता आधी माणसाचे काम विचारते, मग बोट निवडते. वीटभट्टीवाल्यांचे वेगळे, हळद शिजवणाऱ्यांचे वेगळे. हरभऱ्याच्या दिवसांत टेबलावर खोबरेलाची लहान बाटली असते. म्हणजे टेबलावर आठ वस्तू झाल्या होत्या. मग चेहरा ओळखणारी सोय आली आणि पुन्हा सात उरल्या, कारण मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेले. माझी वायर मुळापाशी चिरली आहे. काचेवर कापूस साठला आहे, आणि तो पुसायला कोणी येत नाही. मला राग नाही. वाशीमच्या दवाखान्यातली खाट रिकामी न राहणे हे महत्त्वाचे. ते काम माझी काच करते की फोनचा डोळा, याने फरक पडत नाही.

पण एक विनंती करते. तुमच्या गावात जिथे माझी एखादी बहीण टेबलावर असेल, तिची काच मऊ फडक्याने पुसा, नखाने खरवडू नका. आणि तिने लाल पट्टी दाखवली, तर त्याचा अर्थ नीट लावा. मला दिसले नाही, एवढेच ती सांगत असते. समोरचा माणूस तो नाही, असे ती म्हणत नाही. पट्टी लाल झाली की त्या माणसाला परत पाठवू नका. त्याचे हात काय काम करतात, ते विचारा. ते विचारायला मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे.

ड्रॉवरमध्ये माझ्याजवळ दोन सुया, एक तुटका चष्मा, मोजायची टेप आणि काचेची एक छोटी बाटली आहे. ती भागिरथाबाईंनी दिलेली. पोटातून निघालेले खडे दवाखान्याने बाटलीत घालून दिले होते. ते घरात ठेवायला शेषराव तयार नव्हते, आणि फेकायला भागिरथाबाई. "ज्यानं वळखलं, त्याच्याजवळ राहू दे," असे म्हणून त्यांनी ती नाजिशकडे दिली.

काल रऊफ गादी मोजायची टेप शोधत होते. टेप ड्रॉवरमध्येच निघाली, आणि तिच्यासोबत बाटली. नाजिशने बूच काढून खडे कागदावर ओतले आणि मोजले. खडे पाच होते. सगळ्यात मोठ्याला रऊफ यांनी टेप लावली. तो अठरा मिलिमीटर भरला, भागिरथाबाईंच्या करंगळीच्या टोकाहून मोठा.